उद्या सकाळी दहा वाजता, मामाच्या फाटकासमोर

तुम्ही कधी स्वतःच्या विरोधातलं पत्रक स्वतःच्याच दारावर, स्वतःच्या हातानं, कोपरे दाबून दाबून नीट चिकटवलं आहे? नसेल, तर पुढचं वाचा. माझ्या मामानं ते केलं होतं. वर ते उन्हानं लवकर वाळू नये म्हणून त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला होता.

मामा जाऊन आता महिना होत आला. बातमी आली तेव्हा मी गुलमंडीत मोर्चाच्या बॅनरसाठी मांजरपाट घेत होते. दुकानदाराशी कापडाच्या पन्ह्यावरून वाद चालू असतानाच रईसभाईंचा फोन आला. रईसभाई म्हणजे मामाच्या, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या, छोट्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून मशीन चालवणारे, मामाइतकेच हट्टी. ते एवढंच म्हणाले, "बेटा, मैं मशीन बंद कर दिया. रोल आधा है." त्या कारखान्यात यंत्रावर चढवलेला रोल अर्ध्यावर थांबवायचा नाही, हा नियम होता. मामीचा फोन वाजत असला तर वाजू दे. एकदा शेजारच्या प्लॉटवर आग लागली, तेव्हाही मामा म्हणाला होता की बंब येईस्तोवर एवढा रोल होतोय. त्यामुळं मी रईसभाईंना पुढं काही विचारलं नाही... कापड तसंच दुकानदाराच्या गादीवर टाकलं आणि निघाले.

आदल्याच दिवशी मी त्याला दवाखान्यात भेटले होते. छातीत दुखून भरती झालेला माणूस जसा दिसायला हवा तसा तो अजिबात दिसत नव्हता. हातावरच्या सलाइनच्या सुईची चिकटपट्टी काढायला नर्स आली, तर हा तिलाच शिकवायला लागला, की अशी सरळ वर ओढू नका, मागं दुमडून ओढा, म्हणजे कळतं कशाची पकड किती आहे ती. पट्टी निघाल्यावर त्यानं ती उजेडात धरून तिला चिकटलेले स्वतःच्याच हाताचे केस बारकाईनं पाहिले आणि समाधानानं मान हलवली. नर्स म्हणाली, "काका, गप पडा." मामा म्हणाला, "गप पडलोय. पण पकड चांगली आहे." मी ऐकलेलं हे त्याचं शेवटचं वाक्य. शेवटी शेवटी कुणी देवाचं नाव घेतं, कुणी पोराबाळांचं. आमच्या मामानं चिकटपट्टीला प्रमाणपत्र दिलं.

चिकटणं आणि सुटणं, एवढाच त्या माणसाच्या आयुष्याचा विषय होता. माझं आजोळ भिक्षुकांचं. पिढ्यानपिढ्या पूजा सांगायच्या, मग निजामाच्या काळात कुणी कारकून झालं, मग मास्तर. मामा रसायनशास्त्र शिकला, आणि त्याचं म्हणणं असं, की हा विषय त्याला कॉलेजात कळला नाही, पंक्तीत कळला. आजोबा कपाळावर गंधाचा जाडजूड थर लावायचे. मे महिन्यात, वाळल्यावर, त्याला भेगा पडायच्या आणि ऐन जेवणात त्याचा एखादा पोपडा वरणात पडायचा. सगळे सोवळ्यातले लोक तिकडं दुर्लक्ष करून भुरके मारत असताना सात-आठ वर्षांचा मामा एकटा विचार करत बसायचा, की पातळ लावणाऱ्या शेजारच्या काकांचं का नाय पडत?

हाच प्रश्न घेऊन तो म्हातारा झाला, फक्त गंधाच्या जागी काळी लुगदी आली. बॅटरीच्या पोटात धातूचा पातळ पत्रा असतो, चॉकलेटच्या चांदीसारखा. त्याला फॉइल म्हणतात. त्यावर काळ्या भुकटीचा थर द्यायचा असतो. भुकटी आपणहून चिकटत नाही, म्हणून तिच्यात पॉलिमर घालतात. पॉलिमर म्हणजे कारखान्यातला डिंक समजा. हा थर फॉइलला धरून राहिला तर बॅटरी चालते. सुटला की वीज भुकटीतून फॉइलपर्यंत पोचत नाही आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी बॅटरी आतून संपलेली असते. मामाचा कारखाना फक्त हे थर देऊन रोल पुण्याच्या एका कंपनीला पाठवायचा, आणि ती त्यातून सौर कंदिलांच्या बॅटऱ्या बनवायची.

थराची पकड तपासायची पद्धत फार साधी. ब्लेडनं थरावर बारीक चौकडी ओढायची, वर चिकटपट्टी लावून नखानं घासायची आणि खसकन ओढायची. पट्टीवर काळं आलं नाही तर पास. या कामासाठी मामाच्या शर्टाच्या खिशात चिकटपट्टीची गुंडाळी असायची, त्यामुळं तो कायम एका बाजूनं सुजल्यासारखा दिसायचा. आणि एकदा गुंडाळी खिशात असली की माणूस फक्त कारखान्यात थोडाच थांबतो? त्यानं लग्नपत्रिकांवरचा सोनेरी गणपती ओढून पाहिला आहे. देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदारांच्या नावांतला रंग ओढून पाहिला आहे. माझी मावसबहीण बीड बायपासला फ्लॅट घेत होती, तेव्हा सगळं खानदान नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलं. शहर त्या काळात सगळ्या दिशांनी फुगत होतं, प्यायला पाणी नव्हतं आणि सात मजली इमारती मात्र उभ्या राहत होत्या. विकणारा मुलगा बाल्कनीतून दिसणारं दृश्य सांगत होता, इतक्यात बेडरूममधून 'चर्रर्र' असा आवाज आला. मामाच्या हातात चिकटपट्टी होती, पट्टीला रंग होता, रंगाला प्लास्टर होतं. त्यानं ते त्या मुलासमोर धरून शांतपणे विचारलं, की भिंतीवर पाणी मारलं होतं का? मुलगा म्हणाला, "सर, दुष्काळ आहे ना." मामा म्हणाला, "मग भिंत कशाला बांधली, पडदे लावायचे." बहिणीनं फ्लॅट घेतला नाही, आणि पुढं वर्षभर मामाला कुणी घर बघायला नेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण मी नसते तर फाटकावर पत्रक नसतं. माझे बाबा शेतकरी घरातून येऊन वाळूजला कामगार झालेले, बजाजनगरात राहिलेले आणि आयुष्यभर युनियनची पत्रकं लिहीत आलेले. मला अक्षरओळख 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांनी झाली. माझ्या पाचव्या वाढदिवसाच्या आमंत्रणाच्या तळाशी 'बहुसंख्येनं उपस्थित राहा' असं छापलेलं होतं. मामानं कारखाना टाकला तेव्हा बाबा त्याला 'मालक' म्हणायला लागले आणि मग काहीच म्हणेनासे झाले. दिवाळीला आई एकटी माहेरी जायची. मामा दारात आला की बाबांना आठवायचं, की आपल्याला कुठल्यातरी बैठकीला जायचं आहे.

मग ती लागोपाठची दुष्काळी वर्षं आली. कारखान्यांच्या मागं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, तिथं टँकर कधी यायचा, कधी नुसता येणार असल्याची बातमी यायची. आणि भिंतीच्या अलीकडं, आत, कारखान्यांच्या नळांना पाणी होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला गप्प बसता येत नव्हतं. मी पत्रक लिहिलं. 'यंत्रं आंघोळ करतात, माणसं वाट बघतात' अशी सुरुवात आणि शेवटी, 'उद्या सकाळी दहा वाजता रिकामा हंडा घेऊन या फाटकासमोर या.' त्यातल्या एकाही शब्दाबद्दल मी आजही माफी मागणार नाही. पत्रकं सगळ्या फाटकांवर लावायची ठरली. मामाचं फाटक वगळावं असं एका सहकाऱ्यानं सुचवलं, तेव्हा मीच म्हणाले, की तिथून सुरुवात करायची. नात्यातल्या माणसाला सूट द्यायची तर मग बाकीच्यांना कोणत्या तोंडानं विचारायचं?

मी फाटकावर पत्रक लावत असताना बाबा समोरच्या टपरीवर आमच्याकडं पाठ करून चहा पीत होते. आतून मामा आला, मागून रईसभाई. मामानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मी भांडणाच्या तयारीत उभी होते. त्यानं खिशातून गुंडाळी काढली, पत्रकावर पट्टी लावली, नखानं घासली आणि ओढली. अख्खं पत्रक अलगद त्याच्या हातात आलं.

"कॉम्रेड, मजकूर बरा आहे," तो म्हणाला. "पण खळ कसली ही?"

मी म्हणाले, गव्हाच्या पिठाची. पाणी नाही म्हणून घट्ट झाली आहे.

"घट्ट झाली, वर ऊन. फाटकावर बोटभर धूळ. दुपारपर्यंत वाऱ्यानं पडंल. उद्या कोण येणार मग?"

रईसभाई हसायला लागले. मामा म्हणाला, हसू नका, आतून डबा आणा. डबा आला तो बॅटरीच्या थरात घालायच्या डिंकाचा. मामानं आधी फाटक कोरड्या ब्रशनं झाडलं, पॉलिश पेपरनं थोडं खरवडलं. मग डिंकाचा पातळ हात फिरवला आणि माझं पत्रक, त्याला 'पाणीचोर' म्हणणारं पत्रक, मधून कडेकडे दाबत बसवलं. कोपऱ्यांना वेगळं बोट लावलं. मग म्हणाला, हे आता सावकाश वाळलं पाहिजे, आणि छत्री मागवली. एप्रिलचं ऊन होतं. छत्री पुरेना, म्हणून रईसभाईंनी एक चादर आणली. तिचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं धरायला माणूस नव्हता, कारण मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सांभाळत होते. तेव्हा टपरीवरचा ग्लास खाली ठेवून बाबा रस्ता ओलांडून आले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

येणारे-जाणारे विचारत होते, आत काही झालंय का? मग मामा म्हणाला, "दाजी, जरा वर. ऊन लागतंय कोपऱ्याला."

बाबा म्हणाले, "मालक, धरलंय मी."

इतक्या वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलले, ते हे.

मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मामानं सांगितलंही नाही, की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीचे साहेब शेवटची तपासणी करायला येणार होते. मामाचे थर गेले काही महिने सुटत होते. पट्टी ओढली की काळी यायची. आणखी एक खेप नापास झाली तर काम बंद होणार होतं आणि काम बंद म्हणजे कारखाना बंद, रईसभाई आणि त्यांच्यासोबतचे सगळे घरी. हे माहीत असताना मामानं ते पत्रक चिकटवून घेतलं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, वाईट चिकटलेलं मला बघवत नाय.

दुसऱ्या दिवशी दहाला मागच्या खोल्यांमधल्या बाया हंडे घेऊन फाटकासमोर बसल्या. सगळ्यांत पुढं कौसाबाई, तीन पोरांची आई, आवाज असा की आम्हाला लाउडस्पीकर लागला नाही. त्यातच साहेबांची गाडी आली आणि बाहेरच अडकली. साहेब उतरले, उन्हात उभे राहिले, आणि उभ्या उभ्या माणूस करतो ते करायला लागले, पत्रकाचा कोपरा नखानं खरवडायला लागले. कोपरा निघेना. त्यांनी दुसरा कोपरा धरला. तोही निघेना. तोपर्यंत मामा बाहेर आला होता. साहेबांनी विचारलं, की हे कशानं चिकटवलं आहे? मामा म्हणाला, आपल्याच थरातल्या डिंकानं.

"मग इथं निघत नाही तो तिथं कसा निघतो?" साहेबांनी विचारलं.

मामानं पत्रकाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. त्याची नजर पत्रकावरून बाबांकडं गेली, बाबांकडून रईसभाईंकडं. मग तो म्हणाला, "तिथं चादर नाय धरली."

पुढचं त्यानं बायांसमोर, साहेबांसमोर, हंड्यांच्या गराड्यात उभं राहून सांगितलं, मला ते अजून पाठ आहे. काम लवकर उरकायचं म्हणून भट्टीचं तापमान वाढवलं होतं. ओला थर घाईनं वाळवला की पाणी वर पळतं, जाताना डिंक सोबत नेतं. वरून थर टणक दिसतो, खाली फॉइलजवळ, जिथं धरून ठेवायचं तिथं, डिंकच उरत नाही. आणि फॉइलवर तेलाचा ओशटपणा असतो म्हणून ती आपण धो धो पाण्यानं धुतो, आमचं बरंचसं पाणी त्यातच जातं. फाटक तर मी धुतलंच नाही, कोरडंच घासलं.

कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी धुवायची गरजच नव्हती व्हय? मग आमचं पाणी द्या की."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मुदत दिली. मामानं भट्टी मंद केली. धुण्याऐवजी त्यानं प्लास्टिकच्या पिशव्या छापणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून एक जुनं यंत्र आणलं. पिशवीवर शाई बसावी म्हणून ते पिशवीवरून विजेच्या बारीक ठिणग्यांचा झोत फिरवायचं. मामानं तोच झोत फॉइलवर फिरवला. ओशटपणा गेला, पाण्याचा थेंब लागला नाही, आणि त्यावरचा थर पट्टीला दाद देईना. या यंत्राला कोरोना म्हणतात. मामानं वर मोठी पाटी लावली, 'कोरोना सुरू आहे, लांब उभे राहा'. काही वर्षांनी साथ आली तेव्हा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, की तुमची तयारी फारच आधीपासूनची दिसते.

काम वाचलं. पण माझ्या पत्रकात एक घोटाळा झाला होता. रागाच्या भरात मी तारीख टाकली नव्हती. बाकीच्या फाटकांवरची पत्रकं खळीची होती, आठवड्यात उडून गेली. मामाच्या फाटकावरचं जागचं हललं नाही. त्यावर रोज सकाळी 'उद्या सकाळी दहा वाजता' असंच लिहिलेलं असायचं. मागच्या खोल्यांमध्ये नवी बिऱ्हाडं यायची, वाचायची, आणि दुसऱ्या दिवशी दहाला हंडे घेऊन हजर. पहिल्यांदा मामानं त्यांना समजावलं, की मोर्चा होऊन गेला. कौसाबाई म्हणाली, "ल्हिवलंय नव्हं? आमी का खोटं वाचतो?" मग त्यानं पत्रक काढायचा प्रयत्न केला. पाणी लावलं, खरवडायची पत्री घेतली, रईसभाईंनी रॉकेल आणलं. काही उपयोग झाला नाही, त्याचा स्वतःचाच डिंक होता. शेवटी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, लिहिलंय तर द्यावं लागंल, आणि धुण्याचं वाचलेलं पाणी देणारा एक नळ भिंतीतून रस्त्याच्या बाजूला काढला. त्याचा व्हॉल्व्ह आत होता. रोज दहाला मामा स्वतः जाऊन तो फिरवायचा आणि बाहेर येऊन, हंडे भरेपर्यंत, पत्रकाचा एखादा कोपरा अंगठ्यानं दाबायचा. तो काही सुटलेला नसायचा. तरी दाबायचा. नियमात हे कितपत बसतं ते मला विचारू नका. माझ्या मते नियमानं मामाच्या फाटकात बसायला शिकावं.

आता पुढचं. मामाचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करतो, त्याला कारखाना चालवणं जमणार नाही आणि त्याचा मला राग नाही. जागा एका गोदामवाल्यांनी घेतली आहे. बोलायला चांगले आहेत. ते म्हणाले, की ही भिंत आणि फाटक काढून मोठं शटर बसवणार. मी नळाचं विचारलं तेव्हा म्हणाले, की ताई, तो नळ कोण वापरतं? मी सांगितलं, पुष्कळ लोक वापरतात. ते हसून म्हणाले, की पाहू. सध्या रोज दहाला रईसभाई जाऊन व्हॉल्व्ह फिरवतात, आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी मालकांची बाजू घेतली नाही, ते बाहेर उभं राहून पत्रकाचे कोपरे दाबतात. परवा मी त्यांना विचारलं, की काय करताय? म्हणाले, "काही नाही. बघतोय, मालकानं नीट लावलंय का ते."

पत्रक पिवळं पडलंय. 'यंत्रं' मधला एक अनुस्वार उडालाय. पण चारही कोपरे धरून आहेत.

ही पुरवणी तुम्ही रविवारी वाचत असाल. ते गोदामवाले सोमवारी सकाळी जागा बघायला येणार आहेत, आणि त्यांना दाखवायचं आहे, की तो नळ कोण वापरतं. म्हणून तुम्हाला विनंती आहे. वाळूजला या. फाटक ओळखायला सोपं आहे, बाहेर नळ आहे आणि शेजारी एक म्हातारा कागद दाबत उभा असेल. घोषणा द्यायची गरज नाही, त्या मी देईन. येताना फक्त रिकामा हंडा आणा. आणि पुरवणीचा हा कागद तुमच्या हातात उशिरा पडला, रद्दीत किंवा भज्यांच्या पुड्यात, तरी हरकत नाही. पत्रकात तारीख नाही. उद्या सकाळी दहा वाजता या.